कुसळ आणि काठी

संपादकांनी 'नदीकाठ' हा विषय दिला तेव्हा घाट, देवळं, नावाडी, फार तर धरणग्रस्त असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. नदीकाठची माणसं आंधळी का होतात यावर लिहितो म्हटल्यावर ते जरा थांबले. "दिवाळीला?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "लिहा, पण जाऊन, बघून लिहा."

जाऊन बघण्यासाठी मी वैनगंगा निवडली. तीच का, हे सांगण्याआधी आफ्रिकेतल्या एका नदीखोऱ्याची हकिगत सांगायला हवी. तिथं मी गेलेलो नाही. पण ती हकिगत ठाऊक नसेल तर भंडारा-गडचिरोलीकडच्या एखाद्या गावात आशाताईच्या हातातली खुणांची काठी बघून काहीच उलगडणार नाही.

पाणी खळाळतं तिथं

साचल्या पाण्यात डास होतात हे आपण शाळेपासून घोकत आलो. सिम्युलियम नावाच्या, पाठीला कुबड असलेल्या काळ्या माशीचं गणित नेमकं उलटं. तिच्या अळ्यांना वाहतं, खडकांवरून आपटत जाणारं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या कोरड्या पट्ट्यात चांगली जमीन नदीकाठीच, आणि माशीचं बाळंतपणही तिथंच. ती चावते दिवसा, म्हणजे माणूस शेतात असतो तेव्हा.

तिच्या चाव्यातून ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या कृमीच्या अळ्या माणसात शिरतात. मोठे झालेले कृमी कातडीखाली गाठी करून राहतात. मादी दहा-पंधरा वर्षं जगते आणि तेवढा काळ डोळ्यांना न दिसणारी पिल्लं सोडत राहते. ही पिल्लं कातडीतून फिरतात, फिरत फिरत डोळ्यात जातात. जिवंत असेपर्यंत ती फारसा दंगा करत नाहीत. ती मरतात तेव्हा शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या झटापटीत बुबुळावरचा पारदर्शक पडदा हळूहळू पांढरा पडत जातो. त्याच्या कितीतरी आधी खाज सुरू झालेली असते. रात्रीची झोप जाते, कातडी जाड आणि सैल होते, नडग्यांवर पांढरे चट्टे उठतात. एकदोन चाव्यांनी कुणाचे डोळे जात नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं चावे खावे लागतात. म्हणून ज्याचं शेत पाण्याला सर्वांत जवळ, त्याचे डोळे आधी. तेही कर्त्या वयात. मग गाव उठायचं आणि वरच्या मुरमाड जमिनीवर जाऊन बसायचं. खाली काळीभोर जमीन पडीक, वर उपासमार.

१९७२ मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा अपर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोमध्ये गेले होते. आंधळी मोठी माणसं काठीचं एक टोक धरून चाललेली आणि दुसरं टोक धरून लहान पोरं पुढं, हे दृश्य त्या भागात तेव्हा नवलाचं नव्हतं. अशा काठीचा एक पुतळाही पुढे झाला. त्याच्या प्रती जिनिव्हात आणि वॉशिंग्टनमध्ये उभ्या आहेत. १९७४ मध्ये मोठा कार्यक्रम सुरू झाला. हेलिकॉप्टरं नद्यांच्या धारेवर अळीनाशक सोडत उडायची. एका हंगामाचं काम नव्हतं हे. माणसाच्या अंगातला जुना कृमी म्हातारा होऊन मरेपर्यंत नवी माशी होऊ द्यायची नाही, असा तो बेत होता, आणि कृमीचं आयुष्य वर सांगितलंच आहे. माश्या एका औषधाला सरावल्या की दुसरं, तिसरं. २००२ मध्ये हा कार्यक्रम थांबला तोवर सुमारे ६ लाख लोकांचे डोळे वाचले आणि सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्याजोगी झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

औषध फुकट, पुढं काय?

मधल्या काळात एक औषध हाती आलं होतं. जपानमध्ये सातोशी ओमुरा मातीतल्या जिवाणूंचे नमुने जमवत असत; इतो गावाजवळच्या गोल्फच्या मैदानालगतच्या मातीत त्यांना एक जिवाणू मिळाला. अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातलं कृमिनाशक ओळखलं. आधी ते गुराढोरांचं औषध झालं. मोहम्मद अझीझ या संशोधकानं माणसांवर वापरून बघण्याचा आग्रह धरला आणि १९८१ मध्ये सेनेगलमध्ये पहिली चाचणी झाली. हेच आयव्हरमेक्टिन. १९८७ मध्ये मर्कनं जाहीर केलं, की लागेल तेवढं आणि लागेल तोवर हे औषध फुकट देऊ. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. (कोविडच्या काळात आपल्याकडे ज्या गोळीसाठी उगीचच धावपळ झाली, ती हीच.)

गोळी फुकट झाली तरी काम संपलं नव्हतं. ती पिल्लं मारते, जुने कृमी मारत नाही. म्हणजे गावातल्या झाडून सगळ्यांनी ती वर्षातून एकदा तरी घ्यायची, आणि अशी दहा-पंधरा वर्षं. जिथं डॉक्टर नाही, रस्ता पावसाळ्यात बुडतो, तिथं हे कुणी करायचं? सुरुवातीला गाड्या घेऊन पथकं जायची. खर्च फार, आणि पथक आलं त्या दिवशी निम्मं गाव शेतावर. १९९५ नंतरच्या आफ्रिका कार्यक्रमात वेगळी रीत धरली. गोळ्या वाटणारा माणूस गावानंच निवडायचा. वाटप कोणत्या महिन्यात, घरोघर की झाडाखाली, हेही गावानंच ठरवायचं. वहीत कुटुंबांची नावं. वजनकाटा नको, कारण तो बिघडतो आणि वाहून न्यावा लागतो. त्याऐवजी खुणा केलेली काठी. काठीशेजारी उभं राहायचं. ९० सेंटिमीटरच्या आत असेल त्याला गोळी नाही, त्यावर एक, मग दोन, तीन, आणि १५८ च्या वर उंची गेली तर चार. गरोदर बाईला नाही, फार आजारी माणसाला नाही. हे समजायला कोणतीही पदवी लागत नाही.

कोलंबिया २०१३ मध्ये या आजारातून सुटलं. पाठोपाठ इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, २०२५ च्या सुरुवातीला. मध्य आफ्रिकेत अजून घोळ आहे. तिथं लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी अंगात भरपूर असेल तर हीच गोळी जिवावर उठू शकते, त्यामुळे सरसकट वाटता येत नाही. तरी या सगळ्यात मला हेलिकॉप्टरांपेक्षा काठीचं मोल जास्त वाटतं. हेलिकॉप्टरं गेली, काठी राहिली.

वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे

नदीमुळे येणारं हे आंधळेपण भारतात नाही. पण ती गोळी आहे, काठीही आहे. विदर्भात हत्तीरोग जुना. तो घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासामुळे पसरतो, पाय सुजून खांबासारखा होतो, अंडवृद्धी होते. या रोगासाठी पूर्वी दोन औषधं वाटत. त्यात आयव्हरमेक्टिनची भर घालून तीन औषधांची मोहीम देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नागपूर होतं. तिथं ती २०१९ च्या जानेवारीत झाली. पुढे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या इतर जिल्ह्यांतही ती पोचली.

मोहिमेच्या दिवसांत मी एका आशाताईंच्या मागं मागं फिरलो. काखेत वही, पिशवीत गोळ्यांची पाकिटं, हातात काठी. दारात उभं राहून त्या आवाज देत, "काकाजी, बाहेर या, काठीले टेका." काकाजी टेकले. तीन गोळ्या. काकाजींनी त्या खिशात टाकायची हालचाल केली तशी ताईंनी तांब्या पुढं केला. "नाही जी, माझ्यासमोर." जेवलो नाही, आज उपास आहे, रात्री घेतो, मागच्या वर्षी चक्कर आली होती, असं सगळं झालं. ताईंचं एकच पालुपद, अगदी हसत. गोळ्या गिळल्या गेल्या, बोटाला शाई लागली, भिंतीवर खडूनं खूण झाली. घरी ठेवून दिलेल्या गोळ्या गोठ्यात सापडतात हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

दोन घरांच्या मध्ये मी विचारलं, "या गावात नीट दिसत नाही असं कोण कोण आहे?" वही न उघडता त्यांनी घरं सांगायला सुरुवात केली. देवळामागच्या घरातली म्हातारी, तिला दोन्ही डोळ्यांनी नाही. पलीकडचा एक जण, धान चुरताना लागलं, आता एकाच डोळ्यावर आहे. शिलाई करणारी एक बाई, सुई ओवायला पोरीला बसवते. तिशीनंतरच्या माणसांचा एक फॉर्म आशांना भरावा लागतो, त्यात धूसर दिसतं का हेही विचारलेलं असतं. तो त्यांनी भरला होता. "नाव पुढं जाते भाऊ, माणूस जात नाही."

इथून पुढचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. कृमीची गोळी दरवर्षी उंबऱ्यापर्यंत येते आणि समोर उभी राहून गिळवली जाते. डोळ्याला मात्र रुग्णानंच घेऊन यायचं असतं.

चुरण्याच्या दिवसांत

दिवाळीच्या आगेमागे झाडीपट्टीत धान कापणीला येतो. कडपे वाळतात, बांधीतून उचलून पुंजणं रचली जातात, मग चुरणं. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र आहे. त्याच्या तोंडातून तणस आणि कोंडा इतक्या जोरात बाहेर पडतो, की समोर उभ्या माणसाला डोळे मिटूनच काम करावं लागतं. जुन्या धानाला लांब कुसळ असे. नव्या वाणांना बहुतेक नसतं, पण दाण्याचं टोक आणि पात्याची धार बुबुळाला ओरखडा काढायला पुरेशी असते. तोंडाला गमछा सगळ्यांच्या होता. डोळ्यांवर चष्मा एकाच्याही नव्हता. साध्या प्लास्टिकच्या चष्म्यावर दोन मिनिटांत धूळ बसते आणि मग काहीच दिसत नाही, असं यंत्रावरच्या पोरानं सांगितलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

डोळ्यात गेलं की काय करतात? आधी चोळतात. मग कुणीतरी पदराच्या टोकाचा बोळा करतं, त्यावर तोंडाची वाफ देतं आणि शेकतं. पुष्कळ गावांत डोळ्यातला कण काढणारी एखादी बाई असते. मी जिला भेटलो ती सत्तरीच्या पुढची. पापणी उलटी करून तिनं जिभेच्या शेंड्यानं कण कसा उचलतात ते मला सांगितलं, आणि करून दाखवू का म्हणाली. मी नको म्हटलं. तिचं कसब खोटं नाही. वरचा कण निघतोही. पण जिभेवरचे जंतू ओरखड्यात जातात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मळणीच्या वेळी अंधार पडल्यावर गावात तिच्याशिवाय दुसरं कोण आहे? याशिवाय अंगावरचं दूध, मध, एरंडेल, तूप. देशभर कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा, ही यादी थोड्याफार फरकानं तशीच मिळेल. ऊसतोडीच्या फडातही हेच. तिथं तर उसाच्या पात्याची धार करवतीसारखी, आणि एक दिवस दवाखान्यात गेलं तर खाडा. उचल घेतलेल्या जोडप्याला तो परवडत नाही.

ओरखडा स्वतःहून बरा होतो, बहुतेक वेळा एकदोन दिवसांत. अडचण होते ती त्यातून बुरशी आत गेली तर. शेतातल्या पाचोळ्यावर, मातीवर फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरश्या असतातच. बुबुळाच्या काचेसारख्या पडद्यात त्या रुजल्या की सुरुवातीला फारसं काही कळत नाही. थोडी लाली, थोडं पाणी, उजेडाकडे बघवत नाही. आठवडाभरानं पांढरा ठिपका दिसू लागतो. लोक म्हणतात, फूल पडलं.

निळा उजेड

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून एक जण असतात. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नव्हेत. तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं, गरज असेल त्याला पुढं पाठवणं हे त्यांचं काम. मी ज्यांच्याकडे बसलो त्यांची खोली अंधारी ठेवलेली, एका भिंतीवर ई-च्या आकृत्यांचा तक्ता आणि दुसऱ्या भिंतीला औषधांची खोकी.

एक चाळिशीचा माणूस आला. उजवा डोळा मिटलेला, त्यावर हात. "डोरा लाल झाला, बाकी कायी नाही." अधिकाऱ्यांनी केशरी रंगाच्या कागदाची बारीक पट्टी काढली, पाण्याच्या थेंबात भिजवली आणि खालच्या पापणीला टेकवली. डोळा पिवळा झाला. खोलीतला दिवा बंद करून निळ्या उजेडाची बत्ती लावल्यावर बुबुळाच्या मध्यावर हिरवं काहीतरी चमकायला लागलं. जिथं पडदा सोलला गेला आहे, तिथंच तो रंग धरतो. मला त्यांनी भिंगातून बघायला दिलं. कडा गुळगुळीत नव्हत्या, पिसासारख्या फाटलेल्या होत्या. त्यांना शंका आली ती तिथंच.

"आतापर्यंत काय टाकलं?" माणसानं खिशातून बाटली काढली. तालुक्याच्या मेडिकलवर 'डोळा लाल झालाय' म्हटल्यावर मिळालेली. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असं दोन्ही त्यात होतं. स्टेरॉइडनं लाली आणि दुखणं कमी होतं, म्हणून माणसाला वाटतं उतार पडला. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. अधिकाऱ्यांनी ती बाटली स्वतःच्या खणात टाकली. खणात तशा बऱ्याच होत्या.

पुढची तपासणी जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात: व्रणाचा कण खरवडून काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे. काही मिनिटांचं, स्वस्तातलं काम. उपचार मात्र लांबलचक. नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि पुढं कित्येक आठवडे. महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा हे जुनं औषधच बरं ठरतं, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या चाचणीत दिसलं. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाटली दरवेळी हलवावी लागते. औषधाचा पांढरा थर पापण्यांना चिकटतो, मग काही जण औषध खराब झालं म्हणून बंद करतात. व्रण भरला तरी पांढरा डाग राहतो, आणि तो मध्यावर असेल तर त्या डोळ्यानं उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही. नेत्रदानात मिळालेला पडदा बसवता येतो, पण बुरशीनं पोखरलेल्या डोळ्यात तो टिकेलच असं नाही.

हे सगळं टाळायची एक साधी वाट नेपाळात भक्तपूरला १९९० च्या दशकात चाचपली गेली. गावागावांत आरोग्य स्वयंसेवक नेमले. डोळ्याला काही लागलं की त्यांच्याकडे यायचं. ओरखडा दिसला तर क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. जे १८ तासांच्या आत आले त्यांच्यात एकालाही व्रण झाला नाही. तमिळनाडूतल्या खेड्यांतही असा प्रयत्न झाला. नंतर नेपाळातच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र गावपातळीवर व्रणांचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. म्हणजे मलमाची ट्यूब हा काही रामबाण नाही. पण मला त्या १८ तासांचं महत्त्व कमी होत नाही असं वाटतं. मळणी संध्याकाळी चालते, ओपीडी सकाळी. ओरखडा निघाला तो शनिवारी असेल, तर तपासणीची खोली उघडेपर्यंत ते तास केव्हाच संपलेले असतात.

पिकण्याची वाट

डोळ्याच्या दुखण्यांत सगळ्यांत मोठा वाटा अजून मोतीबिंदूचाच. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या आंधळेपणात ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू होतं. बुबुळावरचा डाग ८.२ टक्के. त्याच्या मागोमाग, ७.२ टक्के, चुकलेल्या किंवा बिघडलेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया. ही तिसरी ओळ शिबिरांच्या बातम्यांत कधी येत नाही. त्याच पाहणीत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र बुबुळाचा डाग हेच पहिलं कारण ठरलं. मळणीयंत्रासमोर उभे राहतात ते याच वयाचे.

देवळामागच्या आजींकडे आशाताई मला घेऊन गेल्या. दोन्ही बाहुल्या पांढऱ्या. आजी चुलीपाशी हातानं चाचपत सगळं करत होत्या, भाजणं त्यांना नवीन नव्हतं. शस्त्रक्रिया का नाही केली? "पिकला नाही म्हने." पूर्वी हे खरं होतं. जुन्या पद्धतीत अख्खं भिंग काढत, आणि ते पिकल्याशिवाय नीट निघत नसे. मग जाड भिंगांचा चष्मा आयुष्यभर. आता कृत्रिम भिंग आत बसवतात, छोट्या छेदातून, बिनटाक्यानं, आणि पिकायची वाट बघणं उलट धोक्याचं. अतिपिकलेला मोतीबिंदू डोळ्यात दाब वाढवतो आणि मग दृष्टी परत येत नाही. उपचार बदलले त्याला कितीतरी वर्षं झाली. म्हण मात्र गावात जुनीच चालू आहे, कारण ती सांगणारी माणसं विश्वासातली आहेत.

पैशाचा प्रश्नही वरवर दिसतो तसा नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासूनचा. सरकारी शस्त्रक्रिया, भिंग, औषध फुकट. भिंगही आता स्वस्त. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंदनं १९९२ मध्ये ऑरोलॅबमध्ये ती स्वतः बनवायला घेतली, तेव्हापासून किंमत कोसळली. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात खेड्यांतून माणसं आणून शस्त्रक्रिया होतात. हात कमी नाहीत, अगदीच. पण आजींबरोबर जायचं कुणी? मुलगा धानावर, सून मजुरीवर. दवाखान्यात दोन रात्री राहायचं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. आजोबा असते तर मुलगा गेलाही असता, असं आशाताई बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या. आजींच्या घरात यावर कुणी भांडलेलं नाही. ते तसंच चालत आलंय.

शिबिराच्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी बसून होतो. बोटं किती, असं विचारत विचारत रांग पुढं सरकत होती. टॉर्च, रक्तदाब, साखर, मग अश्रूंची नळी मोकळी आहे का ते पिचकारीनं बघायचं. ती तुंबलेली असेल तर जंतू डोळ्यात उतरतात, म्हणून शस्त्रक्रिया नाही. एका बाईंची साखर इतकी वाढलेली, की त्यांना परत पाठवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलून निघाल्या. त्यांना मधुमेह आहे हे त्यांना तिथंच कळलं होतं. पूर्वी शाळेत, धर्मशाळेत टेबलं मांडून शस्त्रक्रिया होत आणि जंतुसंसर्गानं एकाच शिबिरात कित्येकांचे डोळे जात. आता तपासणी गावाजवळ, शस्त्रक्रिया पक्क्या शस्त्रक्रियागृहातच असा नियम आहे. नियम चांगला, त्यात वाद नाही. फक्त त्यामुळे गाव आणि टेबल यांच्यातलं अंतर गाडीनं तोडावं लागतं, आणि गाडीत बसेपर्यंत रांगेतली बरीच नावं गळतात.

बसलेल्यांमध्ये एक आजोबा एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधीच करून आलेले. दुसरा डोळा कधी? "एकानं भागते ना जी." भागतं, खरंच भागतं. पण त्या डोळ्यात कधी जाळी धरली, लेसरनं ती काढायला कुणी नेलं नाही, तर हेच आजोबा पुन्हा पाहणीतल्या आकड्यात येतील. मोतीबिंदू परत आला, असंच गाव म्हणेल.

सुई ओवायला पोरगी

शिलाई करणाऱ्या बाईंचं दुखणं सगळ्यांत सोपं, आणि म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. चाळिशी. कुठल्याही बाजारात मिळणारा जवळचा चष्मा. आसामात चहामळ्यातल्या कामगारांना तो देऊन बघितला, तर पानं तोडण्याचं काम २१.७ टक्क्यांनी वाढलं; २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाईंनी तालुक्याच्या बाजारातून एक चष्मा घेतलाही होता. तो घातला की सासू म्हणायची, म्हातारी झालीस काय. तो मशीनच्या खणात पडून होता, काचांवर तेलाचे डाग.

तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुडीबद्दलही इथंच सांगून टाकतो, कारण ती वैनगंगेपुरती नाही. पोरं ती दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. बुबुळ भाजून निघतं. डॉक्टरकडे धावण्याआधी तिथल्या तिथं, बराच वेळ, स्वच्छ पाण्याची धार, एवढं एकच काम करायचं असतं. नेत्रचिकित्सा अधिकारी हे प्रत्येक शाळेत सांगतात. पुडीवर ते छापलेलं मी बघितलं नाही.

काही गोष्टी मात्र सरल्या आहेत. खुपऱ्यांनी पापण्या आत वळलेली म्हातारी माणसं पूर्वी सर्रास दिसत. तो आजार सार्वजनिक समस्या म्हणून भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये जाहीर केलं. बाळांना सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. आशाताईंना रातांधळं पोर गावात शेवटचं कधी बघितलं ते आठवेना. काठी, वही, घरोघर, ही रीत जिथं लावली तिथं फळ आलं.

शुक्रवार

शेवटच्या दुपारी आशाताई आणि नेत्रचिकित्सा अधिकारी दोघंही रुग्णालयाच्या आवारात भेटले. मी मलमाचा विषय काढला. धान चुरण्याआधी आशांच्या पिशवीत एकेक ट्यूब आणि ती निळी बत्ती का देऊ नये? अधिकारी म्हणाले, बत्ती नको, ती त्यांच्या कामाची नाही. ट्यूब चालेल, पण 'मेडिकलवरचे थेंब घालू नका, उद्याच्या उद्या या' हे सांगायला त्या हव्यात, त्याचा जास्त उपयोग. ताईंचा प्रश्न वेगळा होता. डोळ्याचा माणूस दवाखान्यात नेला तर त्यांचा दिवस जातो, आणि त्याचे पैसे मिळायला महिने लागतात. गोळ्यांच्या मोहिमेचे निदान ठरलेले असतात.

मग बोलणं शिबिराच्या वारावर आलं. आधी ते मंगळवारी असे. माणसं यायची नाहीत. तालुक्याचा बाजार शुक्रवारी. अधिकाऱ्यांनी वर लिहून लिहून शिबिर शुक्रवारी आणलं, तशी बायकांची संख्या लगेच वाढली, कारण बाजाराला त्या येणारच होत्या, बरोबर कुणी नेण्याची वाट बघायची गरज उरली नाही. देवळामागच्या आजीही सुनेबरोबर येऊन तपासून गेल्या, शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचं नाव लागलं. आता अडतंय ते गाडीपाशी. रुग्णांना जिल्ह्याला नेणारी गाडी एकच आणि तिचा चालक शुक्रवारी लसीकरणाला जातो.